आईची पाठ आणि बाबांचे हात

आई उठण्याआधी तिच्या तळव्याचा आवाज यायचा. पहिल्या पाळीला निघालेल्या स्कूटरींची घरघर सेक्टरच्या वळणावर विरून गेली की आतल्या खोलीतून तो ऐकू येई; भिंतीवरून सावकाश सरकणारा, कोरडा, सावध, वाळलेलं पान वाऱ्यानं फरशीवरून ओढत न्यावं तसा. मग क्षणभर काहीच नाही. त्या क्षणात सारं घर श्वास रोखून उभं राही. आणि मग एक दीर्घ निःश्वास, पाठोपाठ बांगड्यांची बारीक किणकिण. म्हणजे आई उभी राहिली. इतर घरांत सकाळ दुधाच्या पातेल्यावरून ओळखली जात असेल; आमच्याकडे ती आईच्या पाठीवरून ओळखली जाई.

ती नेहमीच अशी नव्हती. सुलोचना तिचं नाव. माहेर भंडारा जिल्ह्यात, वैनगंगेच्या काठी. धानाच्या रोवण्याच्या दिवसांत घोटाभर चिखलात ओळीनं उभ्या राहणाऱ्या बायांमध्ये ती वाढली, आणि लग्न होऊन भिलाईच्या पोलाद कारखान्याच्या क्वार्टरमध्ये आली तेव्हा आपली उंच, ताठ चाल सोबत घेऊन आली. बाबा रोलिंग मिलमध्ये क्रेन चालवायचे. त्यांची पाळी बदलली की घराची झोप बदलायची, जेवणाची वेळ बदलायची. बदलत नसे ते आईचं अंगण. मुनग्याच्या, म्हणजे शेवग्याच्या झाडाखाली लाल भाजीचे वाफे, त्यांवर पाणी शिंपताना कंबरेतून लवणारी तिची आकृती आणि हिवाळ्याचं कोवळं ऊन, जे दुसरी जागाच नसल्यासारखं नेमकं तिच्या पाठीवर येऊन बसायचं. ती वाकायची आणि पुन्हा सरळ व्हायची. त्या साध्या हालचालीत एक लय होती. लय तुटली नाही तोवर ती कुणाच्या लक्षात आली नाही.

घराला रंग द्यायचा होता त्या दिवशी तिनं लोखंडी पेटी एकटीनं सरकवली आणि अर्ध्यावरच थांबली. ओरडली नाही. नुसता चेहऱ्याचा रंग उतरला, आणि ती जिथं होती तिथंच, वाकलेली, स्थिर झाली. आतून कुणी तिला मुठीत धरल्यासारखी. उसण भरली असेल, दोन दिवसांत उतरेल, असं शेजारच्या बायका म्हणाल्या. उतरलीही. पण वेदनेला आमच्या घराचा पत्ता कळला होता.

त्यानंतर ती ऋतूंसारखी येत राहिली. कधी आषाढाच्या ओलीत, कधी पौषाच्या पहाटे. कधी नुसतं जमिनीवरचं लाटणं उचलताना. यायची तेव्हा आठ-पंधरा दिवस मुक्काम करायची, आणि जाताना परत येण्याची भीती मागे ठेवून जायची. लसणीचं तेल झालं, विटकरीचा शेक झाला, कंबरेला आवळायचा पट्टा झाला, गोळ्या झाल्या. प्रत्येक उपाय काही दिवस लागू पडे. प्रत्येक उपायाच्या शेवटी आई पुन्हा भिंतीपाशी यायची.

जामुलकडे एक पायाळू माणूस राहतो, त्यानं पाठीला पाय लावला की उसण कायमची उतरते, असं कुणीतरी सांगितलं. बाबा बुद्धविहारातल्या सभेत अंधश्रद्धेवर बोलणारे गृहस्थ. पण त्या रविवारी त्यांनी स्वतःच ऑटो बोलावला.

"मी मानत नाही असल्या गोष्टी," ऑटोत चढता चढता ते म्हणाले.

"मंग कशाले नेऊन राहिले मले?" आईनं विचारलं.

बाहेर बघत बाबा म्हणाले, "तुले बरं वाटलं, त माह्या न मानण्याचं काय हाय?"

सिमेंट कारखान्याच्या धुळीनं करड्या झालेल्या त्या रस्त्यावर जिथं जिथं खड्डा आला तिथं तिथं बाबांनी आपला हात आईच्या पाठीमागे आडवा धरला, धक्का आधी आपल्या हाताला लागावा म्हणून. परत येताना दोघंही त्या पायाळू माणसाच्या भल्यामोठ्या मिशांवर हसत होती. पाठ मात्र तशीच होती. मला त्या प्रवासातला तो आडवा हात तेवढा आठवतो.

पुढे बाबा निवृत्त झाले, आणि त्या हाताला दुसरं कामच उरलं नाही. आयुष्यभर उंचावरच्या केबिनमध्ये बसून खालचं तापलेलं लोखंड अलगद उचलणारा हा मनुष्य आता घरातली प्रत्येक वस्तू आईच्या हातून अलगद उचलू लागला. झाडू त्यांनी घेतला, पाण्याची बादली त्यांनी घेतली, कणीक तेच मळू लागले. आईचा पलंग खिडकीपाशी आला, तिचं ताट पलंगाशी आलं. ती जरा हलली की बाबांचा आवाज यायचा, "काय पायजे? कशाले उठून राहिली? मी हावो ना."

"एक बादली त भरू द्या."

"जिंदगीभर टनावारी लोखंड उचललं मी. तुही एक बादली मले जड हाय का?"

या वाक्यात इतकं प्रेम होतं की त्याच्यापुढे कुणालाच बोलता येत नसे. आईलाही नाही. ती पुन्हा आडवी व्हायची. खिडकीतून तिला मुनग्याचं झाड दिसायचं, बाबांनी शिंपलेले वाफे दिसायचे, आणि रस्त्यावरून जाणारी माणसं, ज्यांच्या पायांकडे ती फार लक्ष देऊन पाहायची. तिची बोटं मऊ झाली, पोटऱ्या बारीक झाल्या, आवाज खाली गेला. विहारात ती आता सर्वांत मागे, प्लास्टिकच्या खुर्चीवर बसायची. वंदनेच्या वेळी सगळे खाली वाकत तेव्हा ती नुसतीच हात जोडून पापण्या मिटायची. वेदना महिनोन्महिने येत नसे, तरी घर तिच्या आगमनाच्या तयारीतच असायचं. दुखत नसलेल्या दिवसांवरही दुखण्याचीच सत्ता होती.

माझं लग्न शेजारच्याच दुर्गला झालं होतं. पहिल्या बाळंतपणासाठी मी माहेरी आले तेव्हा आईनं लोकरीची इवलीशी टोपडी विणून ठेवली होती, तेलाच्या वाट्या काढून ठेवल्या होत्या. मैत्रीला, माझ्या लेकीला, घेऊन दवाखान्यातून घरी आले त्या दुपारी मी तिला आईसमोर धरलं. आईनं दोन्ही हात पुढे केले. मग ते हात तसेच हवेत थांबले. तिच्या डोळ्यांत जे उतरलं ते मी ओळखलं. पेटी सरकवताना त्या दिवशी तेच उतरलं होतं.

"नको वं," ती म्हणाली. "माह्या हातून पडली, त?"

"बसून घे ना आई. मांडीवर देते."

"उद्या घेईन."

तो उद्या आला नाही. ती बाळाच्या शेजारी निजायची, त्याच्या कपाळावर बोट फिरवायची, अंगाईचे शब्द त्याच्या कानाशी पुटपुटायची. पण उचलायची नाही. बाळाला न्हाऊ माखू घातलं ते शेजारच्या छत्तीसगढी काकूंनी. आई दारात, चौकटीला धरून, ते पाहत उभी राहायची. पाणी घालताना मैत्री खुदकन हसली की आईचे हात नकळत पुढे यायचे आणि पुन्हा चौकट धरायचे. एका स्त्रीला आपल्याच शरीराची अशी धास्ती वाटावी, हे पाहणं मला तिच्या कण्हण्याहून जड गेलं.

म्हणून मैत्री मान धरू लागल्यावर मी आणि बाबा आईला मोठ्या दवाखान्यात घेऊन गेलो. डॉक्टरांनी फोटो पाहिले, पाय वर करून पाहिले, बोटं हलवून पाहिली. ऑपरेशनची गरज नाही म्हणाले, आणि आम्हाला व्यायामाच्या विभागात पाठवलं. तिथली फिजिओथेरपिस्ट राजनांदगावची, माझ्याहूनही लहान, मुलायम आवाजाची. तिनं आईला बसतं केलं, उभं केलं, वाकायला सांगितलं. आई वाकलीच नाही.

"आंटी, आपकी कमर टूटी नहीं है," ती म्हणाली. "बस डर गई है."

आई दुखावली. "डर-वर कुछ नहीं, मॅडम. दर्द है."

"दर्द सच्चा है, आंटी. मैं कब बोली झूठ है?" तिनं आईचा हात हातात घेतला. "लेकिन जो चीज बरसों से हिली नहीं, वो हिलते समय रोएगी ना?"

आईचे डोळे भरून आले. इतक्या वर्षांत तिच्या दुखण्यावर इलाज पुष्कळांनी केले होते; ते खरं आहे असं तिला प्रथमच कुणीतरी सांगत होतं.

मग त्या मुलीनं बाबांकडे पाहिलं. "अंकल, घर में बाल्टी कौन उठाता है?"

"मैं," बाबा अभिमानानं म्हणाले.

"झाड़ू?"

"मैं."

"आटा?"

"वो भी मैं."

"तो इनकी कमर दिन भर क्या करती है?"

बाबांनी आईकडे पाहिलं. ती मुलगी हसून म्हणाली, "आप मदद बहुत करते हैं, अंकल. अब थोड़ी कम कीजिए."

बाहेरच्या बाकावर बाबा बराच वेळ आपल्या पंजांकडे पाहत बसले. रुंद, भेगाळलेले, लिव्हर धरून धरून घट्टे पडलेले ते पंजे मी इतके निरुपयोगी होऊन मांडीवर पडलेले कधी पाहिले नव्हते.

"म्या तिचं वाईट केलं का वं, विशाखा?"

"नाही बाबा. तुम्ही तिला जपलं."

"मंग ते पोरगी असं कावून म्हणून राहिली?"

बोलली ती आईच, त्यांच्याकडे न पाहता, पदराचं टोक बोटाला गुंडाळत. "तुमी मले काचेवानी जपलं. जपता जपता मले बी वाटाले लागलं का मी काचच हाय."

त्या संध्याकाळी क्षितिजावर कारखान्याची तांबूस झळाळी नेहमीसारखी वर चढली आणि ओसरली. आणि दुसऱ्या सकाळी आई उठून पडवीत आली तेव्हा बाबा चपला घालून तयार उभे होते.

"चाल," ते म्हणाले. "त्या गुलमोहरापर्यंत जाऊन येऊ."

भिलाईतल्या सेक्टरांचे रस्ते सरळ आणि सावलीचे. चालणाऱ्या माणसाला ते घाई करायला लावत नाहीत. आई पहिल्या दिवशी गुलमोहरापर्यंतही पोचली नाही. मी फाटकातून त्यांना पाहत होते. ती जरा अडखळली की बाबांचा हात आपसूक तिच्या दंडाकडे जायचा. ती थबकायची, हात परत फिरायचा. काही पावलांनंतर बाबांनी आपले दोन्ही हात पाठीमागे नेले आणि एका हाताच्या पंजात दुसऱ्याचं मनगट घट्ट आवळून धरलं. त्या दिवसापासून ते तसेच चालत राहिले, आईच्या शेजारून, अर्धं पाऊल मागे, स्वतःच्या हातांना स्वतःच जखडून. प्रेम म्हणजे हात पुढे करणं, एवढंच मला ठाऊक होतं. मागे बांधलेल्या हातांतही ते इतकं दाटलेलं असतं हे त्या पाठमोऱ्या, संथ जोडीनं मला दाखवलं.

घरात सतरंजीवर आई रोज उताणी निजे, गुडघे उभे करी, श्वास सोडता सोडता कंबर हळूच वर उचली. आरंभी चादरीची घडी सरकावी इतकीच ती उचलली जाई. बाबा खुर्चीत पेपर धरून बसत. पेपर बऱ्याचदा उलटा असे. मग अर्धी बादली आली. मग झाडू. वाफ्यांना पाणी घालायला आई पुन्हा अंगणात उतरली. आता ती कंबरेतून लवत नसे, गुडघ्यांत खाली बसे आणि उठताना तोंडातून हलकेच फुंकर सोडी, दिवा न विझवता त्याची ज्योत तेवढी हलवावी तशी.

सारं सरळ मात्र घडलं नाही. पौषात, ऐन थंडीत, एका सकाळी आई चप्पल घालायला वाकली आणि तीच जुनी मूठ आवळली गेली. आई पलंगावर पडून भिंतीकडे तोंड करून रडली. "झालं," ती म्हणाली. "हे काही जात नाही माह्यातून." मी फोनवरून दवाखान्यातल्या त्या मुलीला विचारलं. ती म्हणाली, घाबरू नका, असं होतं. दोन दिवस हळू चालू द्या, पण चालू द्या.

मला वाटलं होतं बाबा आता पुन्हा बादली, झाडू, ताट सगळं ताब्यात घेतील. ते शेक घेऊन आले खरे. तो त्यांनी आईच्या पाठीवर धरला. शेक निवाला. त्यांनी आईच्या चपला उचलल्या आणि पलंगाखाली सरकवण्याऐवजी पलंगासमोर नीट मांडून ठेवल्या.

"उठ, सुलोचना."

"दुखून राहिलं."

"मले माहीत हाय." बाबांनी चपला आणखी जवळ सरकवल्या. "फाटकापर्यंत जाऊ. तुले वाटलं त वापस येऊ."

त्यांच्या आयुष्यात त्यांनी उचललेल्या साऱ्या भारांमध्ये हे वाक्य सर्वांत जड असावं. आई उठली. धुक्यातून ती दोघं फाटकापर्यंत गेली, फाटकाला टेकून उभी राहिली, परत आली. त्यानंतरही वेदना अधूनमधून आली; पण तिला आता पूर्वीचा मान मिळेना. ती यायची, आणि आई तिला सोबत घेऊनच भाजी निवडायची, कपडे वाळत घालायची, चालायला जायची. हळूहळू तिचं येणं विरळ होत गेलं. आणि एके दिवशी माझ्या ध्यानात आलं, की ती शेवटची कधी आली हे आमच्यापैकी कुणालाच आठवत नाही. कायमचा आराम असाच येतो. त्याच्या आगमनाचा दिवस कुणाला सांगता येत नाही.

मैत्रीला उचलून घेता येण्याजोगी पाठ आईला मिळाली तेव्हा मैत्रीचं उचलून घेण्याचं वय निघून गेलं होतं. आईनं एकदा हौसेनं तिला कवेत घेतलं, तर पोरगी पाय झाडत खाली उतरली. तिला पळायचं होतं. आईचा चेहरा क्षणभर रिकामा झाला. दुखणं गेलं तरी दुखण्यानं नेलेलं सारं परत मिळत नाही. मग तिनं पदर खोचला आणि नातीच्या मागे अंगणभर धावली, धापा टाकत, हसत, मोकळ्या केसांनी. बाबा पडवीत उभे राहून ओरडत होते, "हळू! हळू वं!" आणि तो हळूचा इशारा नक्की कोणासाठी, हे त्यांनाही ठाऊक नसावं. त्याच वर्षी वैशाख पौर्णिमेला विहारात आईनं मागची खुर्ची भिंतीला लावून ठेवली, पुढे जाऊन पांढऱ्या साडीचा घोळ सावरत चटईवर बसली, आणि वंदनेला कपाळ जमिनीला टेकेपर्यंत वाकली. शेजारी बसलेल्या मला तिच्या श्वासाची फुंकर तेवढी ऐकू आली.

पुढची काही वर्षं त्या घरात फार सुंदर संथपणा होता. आणि मग एका सकाळी दाढी करता करता बाबांच्या हातून वस्तरा गळून पडला. उजव्या अंगावरून वारं गेलं होतं. दवाखान्यातून ते घरी आले तेव्हा तो भरदार देह त्यांना स्वतःलाच उचलता येत नव्हता. माणूस ठेवू या, मी म्हणाले. आईनं मान हलवली. तिनं पलंगाशी पाय फाकवून जमीन पकडली, गुडघ्यांत वाकली, आणि बाबांचा धड हात आपल्या मानेभोवती घेतला.

"नको," बाबा तोंडातल्या तोंडात म्हणाले. शब्द त्यांना फुटत नव्हते, तरी तेवढा फुटला. "तुही... कंबर..."

"चुप बसा. धरा मले."

"सुलोचना..."

"कंबरेले काही होत नाही. तुमीच चालवली ना तिले? धरा घट्ट."

तिनं श्वास सोडला आणि ती उठली. बाबाही तिच्याबरोबर उठले. खिडकीतून आलेल्या उन्हात ती दोघं क्षणभर तशीच उभी राहिली, एकाच खोडाला फुटलेल्या दोन फांद्यांसारखी, कोण कोणाला धरून आहे हे न कळणारी. बाबांच्या गालावरून पाणी ओघळत होतं. आईनं ते पुसलं नाही. तिचे दोन्ही हात गुंतलेले होते.

त्या पाठीनं मग बाबांना रोज उठवलं, बसवलं, कुशीवर वळवलं, अंगणातल्या खुर्चीपर्यंत नेलं. ती पुन्हा दुखेल या भीतीनं मी तिच्या उठण्याबसण्याकडे पाहत राहायचे. आई माझ्याकडे पाहून हसायची. शेवटी शेवटी बाबा फार हलके झाले होते. भिलाईच्या वेशीबाहेर, रसमड्याच्या रस्त्यावर पळस पेटले होते, त्या दिवसांत एका दुपारी आईनं त्यांना उशीला टेकवून बसवलं, पाणी पाजलं, आणि तिच्या खांद्यावर मान टेकून ते गेले. तिनं बराच वेळ त्यांना खाली ठेवलं नाही.

आता आई एकटी असते, तब्येतीनं ठणठणीत. ओळखीच्या बायका येतात, आपापली पाठ घेऊन. विचारतात, भाभी, तुम्ही कोणत्या दवाईनं बऱ्या झाल्या? ती त्यांना सतरंजी अंथरून गुडघे कसे उभे करायचे ते दाखवते, त्या दवाखान्याचा पत्ता सांगते. बाबांविषयी काही सांगत नाही. बायका गेल्यावर पडवीच्या पायरीवर थोडा वेळ बसते. मी एकदा विचारलं, "आई, आता काही दुखतं का गं?" ती म्हणाली, "नाही वं बाई. काहीच नाही दुखत," आणि बोलता बोलता तिचा उजवा तळवा शेजारच्या रिकाम्या पायरीवर फिरत राहिला. दुखणं जातं तेव्हा शरीर त्याची जागा भरून काढतं आणि विसरूनही जातं. माणूस जातं तेव्हा मन त्याची जागा जपून मोकळी ठेवतं, आणि येणारा प्रत्येक दिवस त्या मोकळ्या जागेला जरासा स्पर्श करून, तिच्यात न बसता, पुढे निघून जातो.